एकाच बादलीत

शेवटचा बोल्ट तिने फडक्याने पुसला, खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि ताटात ठेवला. नट, बोल्ट, वॉशर, सगळे नव्यासारखे लखलखत होते. व्हिनेगरने आणि जस्ताच्या पाण्याने तिची बोटं सोलवटून निघाली होती, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं. ताट उचलून तिने नवऱ्यासमोरच्या स्टुलावर ठेवलं.

"अहो, बघा तरी."

अर्धांगवायूच्या झटक्याने त्याचा उजवा हात नेला होता आणि बोलणंही. डॉक्टर म्हणाले होते, डावा हात आहे, डोकं शाबूत आहे, शब्दही येतील. फक्त माणसाला कशाची तरी ओढ हवी. ओढ म्हणाल तर त्याला जन्मात एकच होती, मागच्या शेडमध्ये खोलून ठेवलेली जुनी मोटार. 'राहू दे आता, भंगारात घाल,' असं बहिणीने सांगून झालं, मेहुण्याने सांगून झालं, वैतागून तिनेही सांगितलं होतं. तो हसायचा आणि पाना उचलायचा. त्या गाडीबद्दल 'राहू दे' हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत.

आज त्याचा मित्र, गॅरेजवाला मिस्त्री, यायचा होता. "हात माझे, अक्कल त्याची. तो बोट दाखवेल, मी बसवत जाईन," असं त्याने कबूल केलं होतं. मग गंजके बोल्ट कशाला पुढ्यात ठेवायचे, असं तिला वाटलं. बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवायचं काम ती नवऱ्याचं पाहून पाहून शिकली होती. तो मात्र खोललेल्या नट-बोल्टांच्या डब्यांपैकी एका वेळी एकच डबा घ्यायचा. त्यातलं सामान भिजवायचा, घासायचा, चमकवायचा आणि पुन्हा त्याच डब्यात भरायचा. मगच पुढचा डबा. तिला हसू यायचं. खरकटी भांडी कोणी अशी मुहूर्त काढून एकेक घासतं का? तिने मागच्या अंगणात, त्याला कळू न देता, सगळे डबे एकाच बादलीत रिकामे केले.

नवरा ताटाकडे बघत राहिला. मग त्याची नजर दाराजवळच्या फळीवर गेली. तिथे डबे पालथे घातले होते. तिने तेही स्वच्छ घासले होते.

तेवढ्यात मिस्त्री आला. "वा वहिनी! कमाल केलीत की!" म्हणत त्याने ताटातले दोन बोल्ट उचलले, एकमेकांशेजारी धरले. मग त्यानेही फळीकडे पाहिलं.

"काय झालं, भाऊजी?"

"काही नाही."

"सांगा ना."

"हे दोन बघा. एक इंजिनचा असेल, एक गिअरबॉक्सचा. आट्यात केसाएवढा फरक. चुकीच्या जागी पिळला, की आतले आटे गेलेच म्हणून समजा. कुठला कुठे जातो, ते डबा बघून यालाच कळायचं."

"तुम्हाला नाही ओळखता येणार?"

"गंज असता तर ओळखले असते, वहिनी. कुठे तेल लागलेलं असतं, कुठे रंगाचा ठिपका, कुठे रस्त्याची माती. काहीतरी खूण राहते." त्याने बोल्ट उजेडात फिरवला. "आता एकावरही काही नाही."

करायला गेले काय आणि झालं काय! तिने धावत जाऊन डबे आणले आणि नवऱ्यासमोर जमिनीवर मांडले. कुठला आधी होता, कुठला नंतर, हेही तिला आठवेना.

"तुम्ही लावा. तुम्हाला येईल. तुम्हाला नाही येणार तर कोणाला येणार?"

त्याने डाव्या हाताने एक बोल्ट उचलला. आट्यांवरून अंगठा फिरवला. हात एका डब्यावर गेला, थांबला, दुसऱ्यावर गेला, परत पहिल्यावर आला. बराच वेळ हात तसाच अधांतरी राहिला. मग त्याने बोल्ट ताटात परत ठेवला.

त्याचे ओठ वाकडे झाले. घशातून काहीतरी वर येत होतं.

"रा... राहू... दे."

मिस्त्रीने उडीच मारली. "वहिनी! बोलला! अहो बोलला! ऐकलंत ना?"

"ऐकलं," ती म्हणाली.

"पुन्हा बोल रे, पुन्हा बोल!" मिस्त्री त्याचा खांदा धरून हलवत होता आणि त्याचे डोळे आनंदाने भरून आले होते. ती खाली बसली आणि रिकाम्या डब्यांना झाकणं लावू लागली.

तो पुन्हा तेच बोलला. या वेळी न अडखळता, एका दमात.