बुबुळातली खिडकी

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा दोघांचे फोटो आपणच काढायचे असा ताईनं हट्टच धरला. तिचा स्टुडिओ तळघरात होता. चार भिंती, एक दार, खिडकी औषधालाही नाही.

आधी तिनं होणाऱ्या मेहुण्याला एकट्याला बसवलं. गोल दिवा डोळ्यांच्या जरा वर धरला, म्हणजे बुबुळात उजेडाचा ठिपका पडतो आणि चेहरा जिवंत दिसतो. पण कॅमेऱ्यात फोटो मोठा करून पाहिला, तर ठिपका गोल नव्हता. उभी खिडकी होती, गजांसकट.

तिनं दिवा डावीकडे नेला. खिडकी जागची हलली नाही.

"डोळ्यांत लेन्स घालता का?" तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

"नाही हो ताई," तो हसला. "माझे डोळे चांगले आहेत."

याच्या घरचं कुणीच आपण अजून पाहिलेलं नाही, हे तिच्या मनात आलं आणि शंकेची पाल चुकचुकली. तेवढ्यात बहीण येऊन त्याच्या शेजारी बसली. ताईनं दिवा बंद केला.

काळोखात त्याच्या डोळ्यांतल्या दोन खिडक्या तशाच उजळ राहिल्या.

"चल, आपण वर जाऊ," म्हणत ताईनं चाचपडत बहिणीचा हात धरला. तो उन्हात ठेवल्यासारखा गरम लागला.

"थांब ना ताई," बहीण म्हणाली. "आधी पडदा ओढ. ऊन डोळ्यांवर येतंय."