कुलवृत्तांतात नसलेला देश

बेहेरे घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत काकांनी मांडीवर घेतला. कुठला बेहेरे कोणत्या देशात राहतो, ते त्यात पत्त्यांसकट छापलेलं होतं.

"न्यू जर्सीला आपला सुधाकर आहे, टोरांटोला वसू. मेलबर्नला तर तीन घरं! परदेशी शिकायचंय ना, मग यातलाच देश निवड. पोरीची जात, लक्ष ठेवायला आपलं माणूस हवं."

"फिनलंडला कोण आहे?" मी विचारलं.

काकांनी बोटाला थुंकी लावून सूची दोनदा चाळली. "कोणीच नाही गं."

"मग तिथलाच अर्ज भरते."

त्यांच्याच पेनने मी सूचीच्या तळाशी फिनलंड लिहून पुढे माझं नाव घातलं.

"उद्या घराण्यातली कुठलीही पोरगी तिकडे आली, तर माझ्याकडे राहील. लक्ष मात्र ठेवणार नाही, आत्ताच सांगते."