बारा घरं, एक टाळ

"अण्णा गेले, आता खूण कुणासाठी?" म्हणत सुनेनं फाटकाला बांधलेला सासऱ्यांचा टाळ सोडला.

वसाहतीतली बाराही घरं एकसारखी: दर्शनी भिंत तपकिरी, छप्पर एकाच बाजूला उतरतं. कीर्तनाहून परतताना अण्णा हमखास शेजारच्या घरात शिरायचे. "अण्णा, आज मुक्काम कुठं?" असं म्हणून लोक हसायचे. तिला ते सोसेना, म्हणून तिनं टाळ बांधला. मग अण्णा कधी चुकले नाहीत.

तेराव्याचं ताट घेऊन ती शेजारी गेली. अंथरुणाला खिळलेल्या आजींनी तिचा हात धरला.

"माझं काही चुकलं का गं? गणपतीपासून अण्णा यायचेच थांबले."

"ते घर चुकून यायचे, आजी."

"ठाऊक होतं मला. इथं खुर्चीत टेकायचे, देवळात ऐकलेला अभंग म्हणायचे. मला आता कुठलं देऊळ? अभंग संपेपर्यंत मी सांगायचेच नाही, घर चुकलंय म्हणून."

सून त्याच खुर्चीत बसली. अण्णांच्या एका अभंगाचं धृपद तिनं हळू आवाजात म्हटलं.

"पुढचं?" आजींनी डोळे मिटूनच विचारलं.

पुढचं फक्त अण्णांना येत होतं.