अदलाबदल

"दोन्ही चकत्या तुम्हीच बसवा, सर," ती म्हणाली. "उद्या कुणी म्हणायला नको, की मी हातचलाखी केली."

सरांनी चिमट्याने काळ्या चकत्या यंत्रात ठेवल्या. पुरेशा थंडीत अशा चकतीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि वीज विनाअडथळा वाहते. या जोड्या चुंबकत्व जमवतं, हे पटवण्यात त्यांची हयात गेली होती. ती म्हणे, जमवते ती अणूंची थरथर. चकतीत नेहमीच्याऐवजी जड अणूंचा ऑक्सिजन भरला की थरथर मंदावते. तिचं खरं असेल, तर जड चकतीत जोड्या उशिरा जमतील, जास्त थंडी पडल्यावर.

काल जड चकती मागे राहिली होती. "चकतीच खोडीची असेल," सर म्हणाले होते. मग त्यांच्या देखत तिने भट्टीत ऑक्सिजनची अदलाबदल केली. जड होती ती हलकी, हलकी होती ती जड.

ती सरांची विद्यार्थिनी असताना याच प्रयोगासाठी त्यांनी तिला प्रयोगशाळेतल्या भर बैठकीत 'घाईबाई' म्हटलं होतं. "पुन्हा एकदा मोजू द्या," ती विनवत राहिली. त्यांनी यंत्र थंड करणाऱ्या हेलियमची झडप बंद केली. "हेलियम म्हणजे नळाचं पाणी नव्हे, बाई!" सगळे हसले होते. तिची पदवी तिथेच राहिली.

पडद्यावर दोन्ही चकत्यांमधला विजेचा अडथळा दाखवणाऱ्या रेषा उतरू लागल्या. एक धाडकन शून्यावर आली. दुसरी, काल पुढे असलेली, आज रेंगाळली, मग पडली. चकतीची खोडी नव्हतीच.

सर पडद्याकडे वाकले.

"पुन्हा एकदा मोजू या का?"

याच वाक्याची ती वाट पाहत होती. तिने झडप घट्ट बंद केली.

"हेलियम म्हणजे नळाचं पाणी नव्हे, सर."

सरांनी मान डोलावली. "खरं आहे. जपूनच वापरायला हवं." मग कौतुकाने विचारलं, "कुणी गं शिकवलं तुला हे?"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. त्या बैठकीची आठवणही नव्हती.

झडपेवरच्या हिमाने तळवा बधिर होत आला होता. तिने झडप पूर्ण उघडली, स्टूल पुढे ओढलं आणि पडदा त्यांच्या तोंडासमोर वळवला.

"बसा, सर," ती हळूच म्हणाली. "तुमचं समाधान होईपर्यंत मोजू."