धान्य खाली, कापड वर

लढाईच्या दिवसांत शहरातल्या कंट्रोलच्या कचेरीचे दोन विभाग झाले. धान्य खाली, कापड वर. पहाटे भीमाबाईचा नवरा आसाराम गेला आणि कोऱ्या कापडाशिवाय मयत उचलायचं कसं, म्हणून ती परमिट मागायला आली.

खालच्या कारकुनानं आधी रेशनकार्डावरचं आसारामचं नाव काटलं. "मेल्याच्या नावावर ज्वारी उचलायची होती काय?"

वर कापडाच्या मेजावर नृसिंहराव होता. त्यानं कार्ड उलटंसुलटं पाहिलं. "या नावाचा माणूसच नाही. कापड कुणाला देऊ?"

"खालच्या सायबानं आत्ताच काटलं न्हवं का?"

"खालचं खाली विचार. आमचा संबंध नाही."

"मानूस उघडा पडलाय वं, सायेब."

"मग तुझं नाव आहे ना? तुझ्या वाट्याचं लुगडं ने. आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस."

कंट्रोलच्या दुकानात एकच लुगडं शिल्लक होतं. हिरवंगार, लाल काठाचं. ज्या रंगावरचा तिचा हक्क पहाटेच सरला होता, त्याच रंगात तिनं धन्याला तळपायापासून माथ्यापर्यंत लपेटलं.

तिरडी कचेरीवरून निघाली. नृसिंहराव सज्ज्यात उभा होता. त्यानं टोपी काढली, हात जोडले, आणि मागून चालणाऱ्या भीमाबाईच्या कानावर त्याचे शब्द पडले.



"भाग्यवान हो बाई. भरल्या कपाळानं गेली."