खुर्चीमागचा डाग

"नुसता रंग मारला तर वर्षभरात हा डाग पुन्हा वर येणार, बाई," नबीसाब पेंटर म्हणाला. आरामखुर्चीमागच्या भिंतीवर खोबरेल तेलाचा काळपट गोल उमटला होता. "आधी रिठ्याच्या पाण्यानं धुवायचं, वाळू द्यायचं, मग प्रायमर, मग तुमचा फिका पिस्ता."

"धुवा," टेंबेबाई म्हणाल्या. "तीस वर्षं ह्यांच्याशी भांडले मी यावरून. डोक्याला तेल थापायचं आणि पेपर वाचताना मान मागं टेकायची. ऐकलं नाही ते नाहीच. गेल्या श्रावणात गेले, तेव्हा कुठं भांडण संपलं."

रिठ्याच्या फेसात बुडवलेलं फडकं नबीसाब भिंतीला लावणार, तोच बाई मध्ये आल्या.

"वर्षभरात वर येतो म्हणालात?"

"येणारच. तेल आहे ते."

"मग तेवढं धुऊ नका. प्रायमरही नको. वरून नुसता रंग मारा."

नबीसाब चिडला. चाळीस वर्षांत त्याच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. लोक मला नावं ठेवतील, असं त्यानं चार वेळा सांगून पाहिलं. बाई हटेनात. शेवटी कुरकुरत त्यानं ती वीतभर जागा तशीच रंगवली.

पुढच्या आषाढात त्याचा मोबाइल वाजला.

"नबीसाब, डाग वर आला हो!" बाईंच्या आवाजात हसू मावत नव्हतं.

दुसऱ्या कुणाचा असा फोन आला असता तर नबीसाब शरमेनं मेला असता.

"मग? सांगितलं होतं ना, बाई," तो ऐटीत म्हणाला, "येणार म्हणजे येणार."