रवींद्र सरांचा राजीनामा

"बॉन्जूर," रवींद्र म्हणाला.

"नहीं, हम गुप्ता," दारातले गृहस्थ म्हणाले. "बॉन्जूरजी पीछे आ रहे होंगे."

रवींद्रने मान तुकवली आणि गुप्ता कुटुंबातल्या सात जणांना सात जाड कोट दिले.

भोपाळच्या कोलार रोडवरच्या आपल्या मॅरेज गार्डनचा, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाचा, मोठा हॉल मालक शैलेंद्रजींनी गार करून घेतला होता. एका टोकाला यंत्राच्या बर्फाचा साठ फुटी उतार केला होता. वरपक्षाला उतरवायच्या खोल्यांना बाहेरून लाकडी फळ्या ठोकल्या, की झालं फ्रेंच आल्प्समधलं लाकडी घर, स्की शॅले. पाहुण्यांनी दोन दिवस राहायचं, घसरायचं, रील काढायची. यजमानाने त्यांची सरबराई करायची.

यजमान म्हणजे रवींद्र. कोल्हापूरच्या कॉलेजात तेवीस वर्षं फ्रेंच शिकवलेला माणूस. बायकोची, अपर्णाची, सरकारी कंपनीतून भोपाळला बदली झाली आणि तो नोकरी सोडून मागोमाग आला. "आमचे यजमान सध्या यजमान आहेत," असं ती माहेरी फोनवर सांगायची आणि बराच वेळ हसायची.

सकाळी क्रोआसाँ. ते बघून पाहुणे विचारायचे, "पोहा-जलेबी नहीं है?" चार वाजता केक. संध्याकाळी चीज वितळवून केलेलं फॉन्ड्यू, ज्याला सगळे पनीरची फसलेली भाजी समजायचे आणि तंदुरी रोटी मागायचे. एका मावशींनी तर उतारावरचा वाडगाभर बर्फ आणून पुढे केला होता आणि वर काला खट्टा घालून मागितला होता. नोव्हेंबरपासून एक सुट्टी नाही. "सीझन में छुट्टी कैसी, सर?" हे शैलेंद्रजींचं ठरलेलं उत्तर.

महिन्यापूर्वी रवींद्रचा पारा चढला आणि त्याने कामगार कार्यालयात लेखी तक्रार केली. शैलेंद्रजींनी वकील मेहुण्याकडून नोटीस धाडली, की करार होळीपर्यंतचा आहे, आधी हलाल तर याद राखा. तेव्हापासून दोघांत अबोला. हातभर अंतरावर उभे राहून शैलेंद्रजी आचाऱ्याला म्हणायचे, "शांताराम, सर से कहो, स्लोप पर बर्फ कम है." मग शांताराम मान वळवून तेच रवींद्रला सांगायचा.

शनिवारी दुपारी पाहुणे घसरत असताना रवींद्र हळूच सटकला आणि तुलसी नगरजवळच्या एका शाळेत मुलाखत देऊन आला. मुख्याध्यापिका विजया मॅडम इंदूरच्या मराठी घरातल्या, तीन पिढ्या तिकडेच.

"फ्रेंचला माणूस भेटत नाही हो," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून या. फक्त तिथलं आधी निपटवून या. मालकाच्या सहीचा कागद पाहिजे, त्याशिवाय ट्रस्टवाले माननार नाहीत. आणि सोमवार म्हणजे सोमवार हं. दुसरं नाव तयार आहे."

बाहेर पडताना एका रिकाम्या वर्गातल्या फळ्यावर फ्रेंच क्रियापद चुकलेलं दिसलं. रवींद्रने आत जाऊन ते दुरुस्त केलं. बोटांना लागलेला खडू त्याने घरी पोहोचेपर्यंत पुसला नाही.

"राजीनामा द्या आणि मोकळे व्हा," अपर्णा म्हणाली.

"तो सोडणार नाही गं. तक्रारीवरून डूख धरून बसलाय."

"मग तक्रार मागे घेतो म्हणा. गोड बोला जरा. वर्गात असल्यासारखे बोलू नका."

रविवारी तो शैलेंद्रजींच्या केबिनमध्ये शिरला, शांतारामला न घेता. हिंदी ही त्याची चौथी भाषा. तीत त्याची सगळी क्रियापदं 'करना'शी येऊन थांबायची.

"शैलेंद्रजी, मुझे राजीनामा करना है. कंप्लेंट भी वापस करना है."

शैलेंद्रजी खुर्चीतून ताडकन उठले. आता हा हात उचलतो, असं रवींद्रला वाटलं. त्यांनी त्याला कडकडून मिठी मारली.

"सर! मैं खुद यही चाहता था. बस, कह नहीं पा रहा था."

रवींद्रला जरा लागलंच. जाणार म्हटल्यावर माणसाने इतकं खूश होऊ नये, निदान तोंडावर तरी.

मेहुणे स्टॅम्प पेपर घेऊन हजर झाले. शांतारामने तोंड गोड करायला गुलाबजामसारखी मावाबाटी आणली आणि डोळे पुसले. "बड़ा दिल है सर का," तो म्हणाला.

"मन में कुछ मत रखिएगा, सर," शैलेंद्रजी म्हणाले. "समझिए, कल से नई शुरुआत."

"आपको कैसे मालूम?" रवींद्र दचकला.

"चेहरे पर दिख रहा है!"

कागद दोन पानी होता. 'उभय पक्ष', 'एतद्द्वारा', 'पूर्वोक्त' अशा शब्दांची नुसती रेटारेटी. वर मधोमध ठळक अक्षरांत 'राजीनामा', खाली रवींद्रचं नाव, आडनावासकट बिनचूक. कोल्हापूरला त्याची नोकरी दोन ओळींत सुटली होती. इथे स्टॅम्प, दोन साक्षीदार, शिवाय मालकाचीही सही. उत्तरेकडे सगळंच भारदस्त असतं, असं मनाशी म्हणत त्याने सही ठोकली. मेहुण्यांनी फोटो काढला.

घरी येऊन त्याने विकत आणलेली खडूची नवी डबी अपर्णाला दाखवली. ती या वेळी हसली नाही. तिने त्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली.

सोमवारी साडेसातला विजया मॅडमनी दोन्ही पानं शांतपणे वाचली. हजेरीपटात त्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं. बाहेर प्रार्थना संपून मुलं वर्गाकडे निघाली होती.

"अभिनंदन, सर," त्या म्हणाल्या. "मालकाशी राजीनामा, म्हणजे समझौता झाला, होळीपर्यंत तिथेच राहायचं तुम्ही कबूल केलं, छान झालं. पण इस्तीफा कुठे आहे?"